‘कुठे ऐकला’ हा रकाना

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीची जुडी हातात धरून उभी होते. त्यांच्या भाचीचा खोल गेलेला आवाज, ओल्या पाल्याचा गंध, भाजीवालीचे “घेताय ना ताई?”… सारे एकाच क्षणी आत शिरले. चारच दिवसांपूर्वी बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला होता, एवढेच तेव्हा आठवले.

वसुधाबाईंनी मला शाळेत इंग्रजी शिकवले. शहराच्या कडेला काचेच्या इमारती उगवू लागल्या त्या वर्षांत एका कंपनीने संगणकासाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करून मागितला. निवृत्त बाईंनी ते काम घेतले आणि मी त्यांची मदतनीस झाले. दर शब्दाला एक कार्ड, कार्डावर दोन रकाने : ‘अर्थ’ आणि ‘कुठे ऐकला’. दुसरा रिकामा असेल तर पहिला भरायचा नाही, हा त्यांचा नियम.

‘स्क्रॅम्बल’पाशी आम्ही महिनाभर अडलो. इंग्रजीत एकच शब्द, पण अर्थ चार, आणि प्रत्येकाला मराठी शब्द वेगळा हवा. स्वारगेटला एसटी लागली की माणसे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत आणि मग दाराशी झुंबड उडे. तिथे अडकलेल्या एका म्हातारीच्या तोंडून बाईंनी ‘रेटारेटी’ टिपला. सिंहगडाच्या निसरड्या वाटेवर ताकवाली म्हणाली, “हात टेकत या, काकू,” तेही कार्डावर आले. जन्मात अंडे न खाल्लेल्या बाई एका संध्याकाळी भुर्जीच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. तापल्या तव्यावर उलथने खणखणत होते.

“अहो, याला आपण काय म्हणता?”

“भुर्जी. खाणार का, काकू?”

“नाही. लिहिणार.”

फोनवरचे बोलणे तिसऱ्याला कळू नये म्हणून विस्कटून पाठवतात, तेही स्क्रॅम्बलच. त्याचा शब्द मात्र कुणाच्या तोंडी सापडेना. बाई शोधत राहिल्या, आणि त्यातच त्यांना रुग्णालयात न्यावे लागले.

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. ती अमरावतीची, वारज्याला खोली घेऊन राहणारी, स्वभावाने गोड. “मॅडम, एकच कार्ड पेंडिंग आहे. सिस्टीममध्ये एका शब्दासमोर एकच शब्द बसतो. आज फाइल क्लोज करायची आहे.” मी म्हणाले, “धडपड.”

दुसऱ्या दिवशी बाईंना मी ते आनंदाने सांगितले. कोश पुरा झाला, या बातमीने त्यांना बरे वाटेल असे मला वाटले होते. सलाइनच्या नळीखाली त्यांचा हात गार होता.

“धडपड एकट्याची असते गं,” त्या म्हणाल्या. मग विचारले, “कुठे ऐकलास?”

मी सलाइनची नळी नीट करू लागले. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवले… नंतरचे त्यांचे बोलणे माझ्या वाट्याला आले नाही.

तेराव्यानंतर मी त्या मुलीला फोन केला. माझा शब्द काढून टाका, म्हटले. ती हळू आवाजात म्हणाली, “सॉरी मॅडम, फाइल गेली.”

त्यांच्या खोलीत अजून पेन्सिलीच्या भुश्शाचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास आहे. परवा मी ते कार्ड काढले. ओळीने त्यांचे अक्षर : म्हातारी, ताकवाली, भुर्जीवाला. खाली एक ओळ कोरी. जे कोशात गेले ते निदान इथे नोंदवावे म्हणून मी पेन्सिलीला टोक केले, ‘धडपड’ लिहिले आणि ‘कुठे ऐकला’ या रकान्याशी आले. तिथे लिहिण्यासारखे काहीच नव्हते. मग खोडरबर घेऊन शब्द पुसला. तेवढ्या जागी पुठ्ठा खरखरीत झाला आहे.