पुढच्या सीटवरची घागर

मला माहेरी सोडायच्या आधी माझ्या नवऱ्याने जीपमध्ये माझ्या जागेवर पाण्याची घागर बसवली होती.

हसू नका. नात टाईप करतेय, तीही हसतेय.

आज ह्यांचा स्मृतिदिन. म्हणून सांगते.

मोठी लढाई संपली आणि हे मिलिटरीतली ड्रायव्हरकी सोडून विट्याजवळच्या आमच्या गावी परत आले. पाठोपाठ डिस्पोजलमधली, म्हणजे मिलिटरीने लिलावात काढलेली, एक जुनी जीप आली. दिसायला रुबाबदार, पण पुढच्या स्प्रिंगांचे पाटे, म्हणजे हादरा झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, पार बसलेले. खड्डा आला की दात वाजायचे.

तेवढ्यात मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि माझं माहेर पार खंडाळ्याकडे.

त्याच्या आदल्या साली एकदा पोट पडलं होतं. बैलगाडीच्या हादऱ्याने पडलं, असं सगळे म्हणत. खरंखोटं देव जाणे.

पण सासूबाईंनी धसका घेतला होता. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. जीपचं नाव काढलं की म्हणायच्या, पोरगी हितंच बाळंत हुईल.

मला मात्र आई हवी होती. भाकरी थापताना डोळे भरून यायचे.

ह्यांनी ते पाहिलं असणार. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात जीप जॅकवर चढली.

खाली बाभळीचे ओंडके, चाकं बाजूला, आणि सगळे नट-बोल्ट माझ्या जोंधळे पाखडायच्या सुपात.

नवे पाटे साताऱ्याहून आले होते. पण आमच्या माणसाचं त्यावर समाधान होईना. गावच्या लोहाराकडून दोन्हीकडे एकेक जादा जाड पाटा घालून घेतला. गाडीतून ऊस वाहणाऱ्या घरातली अक्कल. गाडी म्हटली की तिने ओझं पेललं पाहिजे.

मग माझ्या सीटवर चुंबळ, तिच्यावर भरली घागर ठेवून ओढ्यापर्यंत चक्कर मारून आले. घागर अर्धी, सीट चिंब. ओझं नसलं की तोच जाड पाटा गाडीला उडवतो, हे तेव्हा कळलं.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "घागर सांडली तर आडावरनं पुन्ना भरता येती. पोटातलं कुठनं आणशील?"

ह्यांनी पुन्हा जॅक लावला. जादा पाटा काढला, उरलेल्यांच्या मध्ये बैलगाडीचं वंगण चोपडलं. चक्कर. सांडली. पुन्हा सगळं खोललं, आणखी एक पाटा कमी केला.

पारावरची माणसं टिंगल करायची, "घागरीला म्हायेरी सोडतुयास व्हय रं गड्या?"

हे शांतपणे "व्हय" म्हणायचे.

आणि एका संध्याकाळी ते घागर दोन्ही हातांनी धरून दारात आले. नुसता काठ ओला होता.

आत्याबाईंनी आत वाकून पाहिलं. बराच वेळ. मग तेच पाणी जीपच्या पुढच्या चाकांवर ओतलं आणि म्हणाल्या, "ने तिला."

वाटेत बैलगाड्यासुद्धा आम्हाला मागे टाकून गेल्या. प्रत्येक खड्ड्यानंतर हे विचारायचे, "हादरा बसला का गं?"

एक-दोनदा बसला होता. पण त्या आवाजात एवढी काळजी होती की मी न्हाईच म्हणाले.

आईच्या घरी थोरली झाली. सुखरूप. तिचीच लेक आज हे टाईप करतेय.

हे गेले तेव्हा सांगलीच्या हॉस्पिटलमधून त्यांना गावी आणताना मी अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते. सारखी म्हणत होते, सावकाश घे बाबा.

शेवटी तो म्हणाला, "आवं आजी, त्यास्नी आता कुठला हादरा लागतुया?"

मी म्हणाले, "त्यांनी मला जसं न्हेलं, तसंच मला त्यास्नी न्यायचं हाय."

मग त्याने घर येईपर्यंत गाडी सावकाशच चालवली.

अहो, आज तुमच्या फोटोपुढे घागर भरून ठेवलीय. काठोकाठ.

नमस्कार घ्या. लय आठवण येते.