शुईयिंगची वही आणि सासूबाईंचे गुडघे

आमची शुईयिंग व्यासपीठावर बसली आणि हसू दाबता दाबता तिचा जीव मेटाकुटीला आला! समोर दीडशे वैद्य-प्राध्यापक आणि मागच्या पडद्यावर तिच्या वहीचा भिंतीएवढा आलेख. बाई हरखली नाही तरच नवल.

एकतीस वर्षं तिनं चीनच्या हूपे प्रांतातल्या नदीकाठच्या गावात, हवामान केंद्रावर, पाऊस आणि ओल मोजली. सकाळी आठ म्हणजे आठ. लग्नाच्या दिवशीही लाल कपड्यांतच पर्जन्यमापकाकडे धावली, वऱ्हाड बसलं तिष्ठत! आणि वहीच्या समासात दुखणी टिपायची: ‘गुडघे’, ‘खोकला’, ‘डोकं जड’.

हवा फिरली की रोग फिरतो, हे आपल्या वैद्यांचं जुनंच म्हणणं. पण हल्ली विद्यापीठांत त्याची लाटच आलीय. जो तो हवामानाची जुनी दप्तरं उकरतोय. चियाओ नावाच्या तरुण संशोधिकेला ही वही मिळाली आणि पोरगी नाचलीच. ओल वाढली की तिसऱ्या दिवशी गुडघे, हटकून! गावभरची दुखणी आहेत असं तिनं धरूनच टाकलं. या वहीवर लिहिलेल्या शोधनिबंधावर तिची नोकरी कायम व्हायची होती.

पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या भुवयांच्या प्राध्यापकांनी विचारलं, “ताई, किती माणसांची दुखणी टिपलीत?”

“पाचशे म्हणा, मावशी,” शेजारून चियाओ कुजबुजली.

शुईयिंगनं माईक जवळ ओढला. खरं बोलावं तर पोरीच्या नोकरीवर गदा. खोटं बोलावं, तर जन्मात एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याचं काय?

“एकाच माणसाची,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाईंची.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळे सुटलेच. चियाओनं कपाळावर हात मारून घेतला.

“अरे, दात काय काढता?” प्राध्यापक उठून कडाडले. “पाचशे माणसांचा एकेक दिवस आपल्याकडे पोत्यानं पडलाय. एका माणसाचे अकरा हजार दिवस आहेत कुणाकडे? पोरी, शीर्षक बदल, पुन्हा लिही. मी स्वतः वाचतो.”

चियाओ आनंदानं रडायलाच लागली, आणि शुईयिंग तर घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होती. वेडीच म्हणाले असतील लोक!

एकोणनव्वद वर्षांच्या सासूबाई कमळाच्या बिया सोलत बसल्या होत्या. सुनेनं सगळं सांगितलं, वही उघडून चार पानं वाचूनही दाखवली. म्हातारीचे हात थांबले.

“म्हणजे माझं कण्हणं तू रोज ऐकत होतीस?”

“रोज, आई.”

“मग एकदा तरी ‘ओ’ द्यायचीस की गं, भवाने! मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय.”

“लिहीत होते ना!”

म्हातारीनं डोळ्यांना पदर नाही, बाही लावली. मग स्टूल सुनेकडे सरकवलं.

“बस इथे. आज डावा आहे. लिही.”