शेवटचं अक्षर

प्रौढांच्या वर्गावर चार वर्षं काढलेल्या मास्तराला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून संताप येतो!

निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं आमचा वर्ग भरायचा. दुपारच्या सुट्टीत एक तास. फी नाही, परीक्षा नाही, पाटी-पेन्सिलही आम्हीच द्यायची. पहिल्या दिवशी माणसं मावेनात, आठवड्याभरात सतरंजी मोकळी! वर्ग सोडलेल्या शिवाप्पाला बाजारात गाठून विचारलं, तर म्हणतो कसा, "फुकट हाय न्हवं, मास्तर? मग कुठं पळून जातंय!"

*

लोकांना हवी होती ती फक्त सही. अंगठा उठवायची लाज वाटायची, ती लाज गेली की शिक्षण संपलं. हमाल रामा दोनच अक्षरांचा. मंगळवारी 'रा', बुधवारी 'मा', गुरुवारी गडी गायब! रस्त्यात भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, "साकु, मास्तर!" साकु म्हणजे कानडीत पुरे. याच्या आईबापांनी जरा लांबलचक नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

*

मग मी शक्कल काढली. प्रत्येकाच्या नावातलं शेवटचं अक्षर राखून ठेवायचं. वाचन, पत्रलेखन झाल्याशिवाय ते द्यायचंच नाही! युक्ती चालली. पण तुकाराम गाडीवान चिकोडीला कचेरीत गेला आणि ऐटीत 'तुकारा' अशी सही ठोकून आला. कारकून पोट धरून हसले. हा तणतणत वर्गात. "मास्तर, माझा म कुठं ठेवलाय? आत्ताच्या आत्ता टाका!"

दिला. म घेऊन गेला तो गेलाच!

*

वखारीचा मुकादम दारात उभा राहून बायकांना टोमणे मारायचा. "काय गं, बॅलिस्टर हुणार व्हय?" त्या शरमेनं दोघी यायच्या बंद झाल्या. मी भांडायला उठलो, तर तंबाखू निवडणारी गंगूबाई पाटीवरून मान वर न करता म्हणाली, "व्हय, अण्णा. झालो की तुमचीबी केस घेतो!"

ही एकटी कधी चुकली नाही. बेळगुंदीला दिलेल्या लेकीला तिनं स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, खाली पूर्ण सही केली. पेटीत मीच टाकलं ते.

*

आणि मग वरून हुकूम आला. ज्याला सही येते तो साक्षर, त्याचं नाव पटावरून काढा. पट दहाच्या खाली गेला तर वर्ग बंद! म्हणजे आम्ही नीट शिकवलं की वर्ग बुडणार. अरे, ही काय रीत झाली? तो कागद मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पटावर बरोबर दहा जण उरले होते.

साहेब तपासणीला आले. नऊ जणांच्या सह्या अर्धवटच निघाल्या, ती माझीच करणी. शेवटी गंगूबाई उठली. हिला तर पूर्ण सही येते, म्हणजे पट नऊवर!

तिनं खडू घेतला. फळ्यावर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'गंगूबा'. आणि खडू ठेवून दिला.

"पुढं?" साहेबांनी विचारलं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्यावर डोळे वटारले.

"पुढचं मास्तरनी अजून शिकवलं न्हाय, साहेब," ती म्हणाली. "उद्या येतो की शिकाय!"