‘मारल्यान’चं इंग्रजी

समजा, तुम्ही युद्धगुन्ह्यांच्या कोर्टात दुभाषी आहात. पिंजऱ्यात जपानी पहारेकरी. समोर त्याच्या छावणीतून सुटलेला आपला मालवणी शिपाई. तो बरोबरच्या एका कैद्याबद्दल म्हणतो, "काशीरामाक मारल्यान." सगळं कोर्ट तुमच्या तोंडाकडे बघतंय. बडवलं म्हणाल, की जीव घेतला म्हणाल?

सिंगापुरात सेहेचाळीस साली दुभाषी श्यामकांतांनी ‘बडवलं’ म्हटलं. पहारेकऱ्याला बारा वर्षांची सजा झाली आणि श्यामकांत सांताक्रूझला परत येऊन एका वकिलाकडे लागले. पण तो शब्द काही पाठ सोडेना. बायकोने, जयंतीने, "उंदीर मारलात का?" विचारलं, की हे म्हणत, "बडवला, की जिवे?" ती म्हणे, "त्याची जबानी घ्या आणि मला सांगा." युद्धकैद्याला अंघोळीला पाणी मिळालंच पाहिजे, हे जिनिव्हाचं कलम त्यांना तोंडपाठ, घरचा नळ कधी जातो, ते मात्र तिलाच विचारायचे.

चोपन्न साली सरकारी लखोटा आला. पहारेकऱ्याने सजेत सूट मागितली होती. जुनं भाषांतर बरोबर आहे, अशी दुभाष्याने सही करायची होती. सही केली, तर तो घरी जाणार. भाषांतर चुकलेलं असेल, तर एका खुनाला आपण दुसऱ्यांदा मारहाण म्हणणार.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जयंतीनेच कोट झटकून हातात दिला. "तो साक्षीदार वाकोल्यात राहतो ना? मग माझं डोकं का खाताय? जा की."

साक्षीदार धाकू आता गिरणीत होता. पाळीवरून येऊन चहा पीत बसलेला. श्यामकांतांनी कलमांसकट सगळं समजावून विचारलं, बडवलं की जीव घेतला? धाकूने बशी खाली ठेवली.

"मारल्यान म्हणजे मारल्यान. इंग्रजी तुमका येता, माका कित्याक इचारतास?" मग म्हणाला, "डोक्यात बंदूक घातल्यान. काशीराम पडलो. आमका फुडे हाकलल्यानी, वळान बघूक दिल्यानी नाय. माका तरी खंय ठावक?"

म्हणजे धाकूने नेमका शब्द वापरला होता. जेवढं पाहिलं, तेवढंच सांगणारा. त्याचे दोन तुकडे करून एक फेकला, तो श्यामकांतांनीच.

त्यांनी सही केली नाही. दोन्ही अर्थ लिहून दिले आणि कागदाच्या खाली, कोणी मागितलेला नसताना, आपलाही एक प्रश्न घातला: त्या छावणीतल्या आणखी कोणी वळून पाहिलं होतं का, काशीराम उठला होता का?