मास्तरांचा अंगठा

दुहेरी काचेच्या खिडक्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण कारखान्यात चहा घेऊन येणाऱ्यालाही थांबवून ते ऐकवत, की दोन काचांमध्ये कडेने जी पोकळ पट्टी असते, तिच्यातले दाणे हवेतली ओल पितात, म्हणून दाणे भरले की पट्टी उघडी टाकायची नाही. आणि काचेच्या कडेला, सांधा बंद करणाऱ्या चिकट सीलंटच्या जागी, उघडं बोट लागलं तर खिडकी कामातून गेलीच म्हणा. तेलकट ठशावर सीलंट धरत नाही, ओल आत शिरते, चार वर्षांत काचांच्या मध्ये धुकं. "हातमोजे," हा शब्द ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की झोपेतही म्हणत असावेत असा बायकोला संशय होता.

लेक पाच वर्षं त्यांच्या हाताखाली होती. काचा धुणं, दाणे भरणं सगळं तिचं. सीलंट भरायची गन मात्र मास्तरांची. एका दवाखान्याच्या चाळीस खिडक्यांचं काम आलं, तेव्हा निम्म्या मी एकटीच करते, असं तिने सांगून टाकलं. मास्तर "बघू" म्हणाले. हे "बघू" ती दहावीपासून ऐकत होती.

घरच्या स्वयंपाकघरातली खिडकीही मास्तरांनीच बनवलेली, आणि दोन वर्षं आतून धुरकटलेली. मास्तर खापर कुकरच्या वाफेवर फोडत. माझी वाफ दोन काचांच्या मध्ये कशी शिरली ते एकदा समजावा, असं बायको म्हणे. जगात तेवढा एकच विषय ते समजावत नसत.

शेवटी रविवारी लेकीने ती खिडकी उतरवून कारखान्यात नेली आणि पात्याने कडा सोडवल्या. तीन कोपऱ्यांचं सीलंट खरवडूनही निघेना. चौथ्याचं सालासारखं सुटून आलं. खाली काचेवर अंगठ्याचा ठसा होता, मधून तिरपी रेघ गेलेला. मास्तरांच्या अंगठ्यावर जुनी कापल्याची खूण होती, अगदी तशीच तिरपी.

तिने काच त्यांच्यापुढे ठेवली. मास्तरांनी चष्मा लावला, काढून पुसला, पुन्हा लावला.

"नाक खाजलं असेल," ते म्हणाले. "मोजा काढला असणार मी."

"बघू," लेक म्हणाली.

सोमवारी त्यांनी गन तिच्याकडे सरकवली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. दुपारपर्यंत हात तसेच. सहाव्या खिडकीच्या कोपऱ्याशी ती पोचली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. हात आपोआप पुढे आला.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "हातमोजे."

हात मुकाट्याने मागे गेला.