दुर्बीण

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे दुर्बीण म्हणत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, हे काम ती बावीस वर्षं करत होती. मशीनला शंका आली की काच आम्हा दोघींच्या टेबलावर यायची, आणि मला शंका आली की तिच्याकडे. तिने एकदा बघून सही केली की विषय संपला. आमच्याकडे तसाच रिवाज होता.

मग तिच्या नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघडकीस आलं. चार वर्षं चाललेलं. त्याने कबूल केलं, संपवलं म्हणाला, माफीही मागितली. सासू म्हणाली, पदरात घे. बहीण म्हणाली, बॅग भर. हिने दोन्ही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली. झोप उडाली होती, कपडे अंगावर लोंबायला लागले होते, पण रडताना मी तिला पाहिलं नाही. फक्त ती प्रत्येक काच तीनतीनदा बघू लागली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. पण हिने फुंकतच बसायचं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा बघून झालं की काच माझ्यापुढे सरकवायची. रिपोर्ट तुंबले. मी वैतागले, हे लपवत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर नमुने जमा करायच्या खिडकीवर बसावं लागेल. म्हणजे डोळ्यांचं काम कायमचं बंद. त्या दुपारी बेसिनपाशी हात धुताना ती म्हणाली, "चार वर्षं शेजारी झोपणारा माणूस मला दिसला नाही. मग या पेशी मी कशाच्या जोरावर ओळखू?"

मी म्हटलं, नवऱ्याला काही रंगवून बघता येत नाही. ती हसली नाही. मलाही नंतर लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात एका मुलीची काच आली. साधा थकवा, अशी तक्रार. मी पाहिली, ठीक वाटली, आणि सवयीने तिच्याकडे दिली. तिची नजर बराच वेळ काचेवर एकाच जागी थांबली. मग म्हणाली, "इथे बघ." कडेला दोन कच्च्या पेशी होत्या, रक्तात असू नयेत अशा. माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. तिने पुन्हा न बघता सही केली. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहून मान डोलावली आणि खिडकीचा विषय तिथेच मिटला.

मला मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, "बघ, तुझ्या नजरेला काही झालं नव्हतं. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही गं."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेच तर," ती म्हणाली. "त्याचं दुसऱ्या वर्षीच दिसलं होतं मला. मी नॉर्मल लिहून टाकलं."