पंच्याहत्तरीला गरम भाकर

माझ्या मैत्रिणीची पंच्याहत्तरी आली आणि तिला बाहेर कुठं जेवायला न्यायचं, यावरून आम्ही म्हाताऱ्यांनी इतका काथ्याकूट केला की तेवढ्यात दोन सोयरिकी जमल्या असत्या.

तिला काय हवं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती बोलून गेली होती, "तव्यावरून उतरली का सीदी माह्या ताटात, अशी भाकर पोटभर खायची हाय मले एकडाव. बाकी काई नको." आणि लगेच दटावलं, "कोनाले सांगू नको. हसतीन."

घरात खाणारी तोंडं ढीगभर. जवारीची भाकर हिनं थापायची आणि ती जायची पुरुषांच्या, पोरांच्या, पाहुण्यांच्या ताटात. टोपल्यात तळाशी उरली ती गार भाकर हिची. आता सून करते, पण तीही सकाळीच पोळ्या लाटून डब्यात कोंबून ठेवते.

माझंही तेच होतं. फरक इतकाच, की मला त्याचा तोरा होता. विशीतली मी हापशीवर घागर लावून मिरवायची, "आज तं माह्या वाटनीले नुसता कोर उरला व!" जसं काही कोणी पदकच लावणार होतं. ही म्हणायची, "माह्यासाठी तं कोरबी नाई उरला," की माझा जळफळाट. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पीठ कमी मळायची, हिच्यापेक्षा जास्त उपाशी राहायला! असली बावळट सून आज माझ्या घरात आली असती तर पाठीत एक धपाटा घालून आधी तिलाच जेवायला बसवलं असतं.

असो. जागा ठरवायला बसलो. किराणा दुकानवाली वहिनी म्हणाली, "बासरले जाऊ. देवीचं दर्शन बी होईन, जेवन बी होईन."

"अवं, वाढदिवस हाय तिचा. नवस फेडून राह्यली का तू?" मी म्हटलं.

मग रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. त्यांनी मोबाइल काढून आदिलाबादेतलं नवीन एसी हॉटेल दाखवलं. मखमली खुर्च्या, छताला झुंबर. "तिथं फोटो चांगले येतेत," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "भाकर भेटते का तिथं?"

"भाकर खायला कोनी हॉटेलात जाते का? मग घरी काय खाते तुमी?"

आता काय सांगणार? तोंडाला तर कुलूप. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती बाजूला बसून एकच पालुपद लावून होती, "कुठंबी न्या, मले काय." मला तिचीच मानगूट धरावीशी वाटली.

उटनूरच्या रस्त्यावर पत्र्याखाली एक खाणावळ आहे. बाया तिथं चुलीवर जवारीची रोटी करतात, तेलुगूत जोन्नरोट्टे म्हणतात ती. आपलीच भाकर. मी ते नाव काढलं तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "पत्र्याखाली? लोक काय म्हनतीन?" वहिनी म्हणाली, "तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या हायेत. माह्याकडं पाह्य, मंग सांग, टिकतीन का?"

शेवटी मी खोटं बोलले. चेहरा पाडून म्हटलं, "डॉक्टरनं मले जवारीशिवाय काईच खाऊ नको म्हनलं. तुमी जा मखमलीवर. मी पानी पिऊन बसते तुमच्यासंग." माझी साखर माझ्या सुनेपेक्षा चांगली आहे, पण दोघी विरघळल्या. बाईंसाठी वर एक फोडणी, की तिथं मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या थांबतात. वहिनीसाठी लाकडी बाकडं सांगून ठेवलं.

दिवस मावळता मावळता ऑटोनं पोचलो. मैत्रीण नवं लुगडं नेसून आली होती. मी तिला बरोबर चुलीच्या तोंडाशी बसवलं. पहिली भाकर टम्म फुगली, तव्यावरून उतरली, सरळ तिच्या ताटात. मी तिच्याकडंच पाहत होते.

हिनं ती उचलली आणि बाईंच्या ताटात टाकली. "घ्या बाई, गरम हाय तोवर."

दुसरी आली, ती वहिनीला. तिसरी मला. पुढची आली तर ही इकडंतिकडं पाहते कोणाला द्यावी, आणि ऑटोवाला दिसला. "त्याले द्या, भुका असन बिचारा." वरून चुलीपाशी बसलेल्या बाईला शिकवणं, "जाळ कमी हाय व तुमचा. सरका, मी पाहू का?" आणि उठायलाच लागली!

माझं डोकं फिरलं. इतकी थापाथापी करून हिला चुलीपाशी आणावं आणि हिनं इथंही वाढायलाच लागावं?

मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. नवी भाकर ताटात पडल्याबरोबर उचलली आणि अख्खी तिच्या तोंडाला लावली. "चाव!"

"अवं काय करून राह्य..."

"चाव म्हनलं ना!"

उरल्यासुरल्या दातांचा चावा बसला. मी भाकर तिच्या ताटात ठेवली. "झाली उष्टी. आता दे कोनाले देतं तं."

आमच्याकडं आपलं उष्टं दुसऱ्याच्या ताटात वाढत नाहीत, ते पाप. ती अडकली. एकदा भाकरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग वांग्याच्या भाजीत घास बुडवला आणि खाली मान घालून खाऊ लागली. अर्धी संपल्यावर म्हणाली, "तोंड भाजलं माहं, भवाने." आणि खातच राहिली.

पुढची भाकर आली. तिचा हात सवयीनं बाईंच्या ताटाकडं निघाला, मध्येच थांबला. माझ्याकडं तिरपं पाहत तिनं आपणच आधी त्या भाकरीचा कडेचा लचका दातांनी तोडला.

मला दिलेली ती तिसरी भाकर मात्र या सगळ्यात ताटात गार पडली होती. विशीतली मी असते तर तीच खाऊन गावभर मिरवले असते. मी ती बाजूला सारली आणि चुलीकडं हात केला.

"बाई, मलेबी एक गरम द्या व."